दांडी, चार कोपरे आणि आईचा तंबोरा

यंदा मृगाचा पहिला पाऊस झाला आणि दोन दिवसांत आईच्या तंबोऱ्याचा आवाज बसला. दरवर्षीच बसतो. पार्ल्यातली आमची इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला लागून बदामाचं झाड. पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना वास येतो, तिथे तंबोऱ्याच्या लाकडाचं काय सांगावं. खुंट्या फुगून अडकतात, जोर लावून फिरवल्या तर तार एकदम दोन स्वर पुढे निघून जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जवारी जाते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला तो बारीकसा दोरा कितीही मागेपुढे केला तरी तार नुसती ठण्ण वाजते, मागचा झंकार उमलतच नाही.

तंबोरा मिरजेचा. बाबांनी १९७९ साली, लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला आणला, रात्रभर गाडीत मांडीशी धरून. आई आता बहात्तर वर्षांची आहे आणि पहाटे साडेपाचला खर्ज लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. पावसाळ्याचे चार महिने ती मोबाइलमधला तंबोरा लावते. नाइलाजाने लावते. जूनमधल्या एका पहाटे मी चहाचं आधण ठेवत होते, ती गाता गाता मध्येच थांबली आणि म्हणाली, "सूर बरोबर आहे गं याचा. पण तार हलत नाही."

त्या एका वाक्यावर मी गेले चार महिने काम करतेय: तार हलल्यासारखा वाजेल असा तंबोऱ्याचा डबा बनवतेय.

मी मरोळच्या एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या लॅबमध्ये आहे. प्रेशर गेज, थर्मोकपल, मायक्रोमीटर यांचं रीडिंग खरं आहे की नाही ते तपासून सर्टिफिकेट द्यायचं, हे माझं काम. पण विशीत मी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस गिरगावापासून भांडुपपर्यंत रोज वेगळं मंडळ, वेगळा स्टेज. आमच्याकडे कोर्गचा की-बोर्ड होता, डाव्या हाताला जॉयस्टिक. डावीकडे-उजवीकडे ढकलली की सूर खाली-वर सरकतो, वर ढकलली की कंप येतो. सनईचा तुकडा आला की माझा डावा हात त्या दांडीवर जायचा, कारण नुसत्या पट्ट्यांवर मींड येत नाही आणि मींड नसलेली सनई ही सनईच नव्हे. त्या दांडीला स्प्रिंग होती. हात काढला की ती मुकाट मध्यावर यायची. जॉयस्टिक म्हणजे क्षणभर जाऊन घरी परत येणारी वस्तू, असंच माझ्या हाताला माहीत होतं.

दुसऱ्या जातीची जॉयस्टिक मला फार नंतर कळली. १९६९ साली लंडनमध्ये ईएमएस कंपनीने व्हीसीएस-३ नावाचा सिंथेसायझर काढला, त्याच्या एका कोपऱ्यात दोन्ही दिशांना फिरणारी दांडी होती, आणि तिची आडवी चाल एका गोष्टीला आणि उभी चाल दुसऱ्या गोष्टीला जोडता यायची, छोट्या पिना खोचून. म्हणजे एकाच हाताच्या एकाच हालचालीतून दोन गोष्टी बदलायच्या. मग १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट व्हीएस हा सिंथेसायझर आणला. कंपनीचे संस्थापक डेव्ह स्मिथ, ज्यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांशी बोलायची भाषा, आली तेच. २०२२ मध्ये ते गेले. प्रॉफेट व्हीएसमध्ये दांडीला जे काम दिलं होतं त्याला व्हेक्टर सिंथेसिस म्हणतात, आणि पुढे १९९०च्या कोर्ग वेव्हस्टेशनमध्ये, यामाहाच्या एसवाय-२२मध्येही तेच तत्त्व आलं.

ते तत्त्व समजून घ्यायला कॅरमचा बोर्ड डोळ्यांपुढे आणा. चार कोपऱ्यांच्या चार भोकांत चार वेगवेगळे आवाज ठेवलेत. बोर्डावर एकच सोंगटी आहे. ती ज्या भोकाच्या जवळ जाईल त्या आवाजाचा वाटा वाढतो, बाकीच्यांचा कमी होतो. अगदी भोकात गेली तर फक्त तोच आवाज, मधोमध असली तर चारही पाव-पाव. ती सोंगटी म्हणजे दांडीचं टोक. समजा सोंगटी डावीकडून ७० टक्के आणि खालून २० टक्के अंतरावर आहे. तर खालच्या उजव्या आवाजाचा वाटा ०.७ गुणिले ०.८, म्हणजे ०.५६. खालच्या डाव्याचा ०.३ गुणिले ०.८, म्हणजे ०.२४. वरच्या उजव्याचा ०.१४ आणि वरच्या डाव्याचा ०.०६. बोर्डावर कुठेही जा, चौघांची बेरीज एकच येते. मला हे गणित इतकं आवडलं की लॅबमध्ये डबा खाताना मी ते कागदाच्या पुडीवर पाच-सहा वेळा करून पाहिलं.

पण नुसत्या दांडीने तार हलत नाही. सोंगटी हलवली तर आवाज बदलतो, ठेवली तर तो तसाच राहतो. छेडलेली तार मात्र कुणीही हात न लावता स्वतःच बदलत जाते. इथे एन्व्हलप लागतो.

एन्व्हलप म्हणजे सूर सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा त्याचा प्रवास. अटॅक म्हणजे वर चढायला लागणारा वेळ, डिके म्हणजे तिथून खाली बसायला लागणारा वेळ, सस्टेन म्हणजे कळ दाबलेली असेपर्यंत आवाज जिथे टिकतो ती पातळी, रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर विरून जायला लागणारा वेळ. टाळ वाजवला तर अटॅक जवळजवळ शून्य आणि सस्टेन नाहीच, जे काय आहे ते विरत जाणं. पेटीचं उलट: भाता चालू आहे तोवर सूर तसाच भरलेला, बोट उचललं की संपला. बहुतेक लोक एन्व्हलप फक्त आवाजाच्या लहानमोठेपणाला जोडतात. पण एन्व्हलप ही मुळात वेळेनुसार बदलणारी एक संख्या आहे, आणि ती कशालाही जोडता येते. सोंगटीच्या जागेलाही. मग सूर वाजला की सोंगटी आपली आपण निघते, ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळात चार-पाच ठिकाणी जाते आणि थांबते. प्रॉफेट व्हीएसमध्ये ही सोय होतीच.

हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर तंबोरा उभा राहिला. तंबोऱ्याची तार हेच तर करते.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर एक छोटा निबंध लिहिला होता. एकाच तारेत मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही वाजतात, ते उपस्वर. तारेचा एक जुना नियम आहे, यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा: एखाद्या उपस्वराचा जो स्थिर बिंदू, म्हणजे त्या उपस्वरात तार जिथे हलत नाही ती जागा, नेमकं तिथेच तार छेडली, तर तो उपस्वर ऐकू येऊ नये. रामन यांनी दाखवलं की तंबोरा हा नियम पाळत नाही. नसायला हवा तो उपस्वरही त्यात वाजतो. कारण घोडी तीक्ष्ण धारेची नाही, रुंद आणि किंचित गोलसर आहे, आणि तार हलताना त्या पाठीला चाटून जाते. दोरा सरकवून आपण ते चाटणं कुठून सुरू व्हावं ते ठरवतो. म्हणजे जवारी लावणारा कारागीर कानशीने घासून जे करतो ते तारेची शक्ती एका उपस्वरातून दुसऱ्यात सतत पाझरत ठेवणं असतं. हे वाचून मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर खर्जातून गांधार बोलतो." बरोबर. काळी चारला आईचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्म्याने १०४, आणि १०४ची पाचपट ५२० म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गांधार. तो कुणी छेडत नाही, तारेतूनच निघतो.

माझ्याकडे फेब्रुवारीतलं रेकॉर्डिंग होतं, हवा कोरडी असतानाचं. आईच्या एका विद्यार्थिनीच्या कार्यक्रमाआधी तंबोरा छान लागला होता म्हणून मी सहज अर्धा तास ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. त्यातल्या खर्जाच्या सुट्या छेडी काढून मी एकेका छेडीचा आलेख पाहिला. छेडल्याबरोबर खालचे सूर भरलेले. लगेच वरचे, बारा-पंधरा पटींच्या आसपासचे उपस्वर फुगतात. हाच तो झंकार. मग तो फुगवटा एखाद्या पायरीवरून खाली उतरत यावा तसा सावकाश खाली येतो, आमच्या तंबोऱ्यात साधारण दीड सेकंदाला पाचव्या उपस्वरावर पोचतो, गांधार स्वच्छ बोलतो, आणि चौथ्या सेकंदाला फक्त मऊ खर्ज उरतो, तोवर पुढची छेड आलेली असते. मी पडद्यावर ते पाहत होते आणि आत आई गात होती. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली.

तेव्हा चार कोपऱ्यांत काय ठेवायचं ते ठरलं. अ म्हणजे छेडतानाचा भरीव आवाज, ब म्हणजे झंकाराचा, क म्हणजे मधल्या उपस्वरांचा, गांधाराचा, आणि ड म्हणजे शेवटचा मऊ खर्ज. पंचम, षड्जाची जोडी आणि खर्ज अशा चार तारा, प्रत्येकीची स्वतःची सोंगटी, आणि छेड पडली की ती सोंगटी अ पासून ब, क करत ड कडे निघणार.

मी लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. शनिवार दुपार, ग्रँट रोड स्टेशनातून चालत, पाऊस धरलेला. पहिल्या दुकानात मिळाली ती अर्डुइनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाबरोबर शिकाऊ पोरं घेतात तसली छोटी जॉयस्टिक, अंगठ्याएवढी, स्प्रिंगची. ती नको होती. मला जिथे सोडेन तिथे राहणारी हवी होती, कारण आई गाताना एक हात दांडीवर ठेवून बसणार नाही. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी बरोबर ओळखलं. "मॅडम, विमानाच्या रिमोटची स्टिक घ्या. थ्रॉटलच्या बाजूला स्प्रिंग नसते, पत्र्याची पट्टी असते. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग तुम्ही काढून टाका." जुन्या, मोडलेल्या रिमोटमधून काढलेली जोडी त्यांनी साडेतीनशेला दिली आणि स्प्रिंग कशी काढायची ते काउंटरवरच दाखवलं. ती पत्र्याची पट्टी दांडीच्या दातेरी चाकावर घासते, म्हणून दांडी टक टक करत सरकते. पट्टी उलटी फिरवून लावली की टकटक जाते आणि नुसतं घर्षण उरतं. दुसऱ्या दिशेला मी स्प्रिंग काढून त्याच मापाची पितळी पत्र्याची पट्टी बसवली. आता दांडी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि जिथे हात सुटेल तिथे उभी राहते.

मग माझं रोजचं काम सुरू झालं, कॅलिब्रेशन. या दांडीच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवले की व्होल्टेज बदलणारे पॉट असतात, एकमेकांशी काटकोनात. अर्डुइनो त्यांचं व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो. पण रिमोटची दांडी साधारण साठ अंशच फिरते आणि पॉट त्याच्या चौपटीहून जास्त फिरू शकतो, त्यामुळे टोकापासून टोकापर्यंत जाऊनही मला ० ते १०२३ मिळेना. आडव्या दिशेला ३९२ ते ६३५, उभ्या दिशेला ४०१ ते ६५०. म्हणजे हजाराऐवजी जेमतेम अडीचशे पायऱ्या. शिवाय दांडी स्थिर असतानाही आकडा एक-दोनने थरथरायचा. मी सोळा रीडिंगची सरासरी घेतली, दोन्ही टोकं नोंदवली आणि मधला पल्ला ताणून घेतला.

इथे एक गोष्ट सांगते, कुणाला उपयोगी पडेल. पहिल्यांदा मी हे आकडे साध्या मिडी संदेशाने लॅपटॉपकडे पाठवले. साध्या संदेशात १२८च पायऱ्या असतात. दांडी पटकन फिरवली तर कळत नाही, पण तंबोऱ्याला हवी तशी हळूहळू सरकवली की आवाजात बारीक करकर यायची, जिन्यावरून कुणी लाकडी पेटी ओढत न्यावी तशी. मिडीत दोन संदेश जोडून १६,३८४ पायऱ्या करता येतात, तसं केलं, आणि प्युअर डेटा या आवाज तयार करायच्या प्रोग्रामात प्रत्येक नव्या आकड्याकडे उडी न मारता २० मिलिसेकंदांत सरकत जायला सांगितलं. करकर गेली.

पण त्यानंतर आठवडाभर मी ज्या चुकीवर अडकले ती वेगळीच होती. मी चार कोपऱ्यांत फेब्रुवारीच्या रेकॉर्डिंगचे चार तुकडे ठेवले होते. खऱ्या तारेचे खरे आवाज, यापेक्षा चांगलं काय असणार, असं मला वाटत होतं. कोपऱ्यांवर आवाज सुरेख यायचा. सोंगटी मध्याकडे गेली की आवाज खचायचा. नुसता लहान नव्हे, पोकळ व्हायचा, रिकाम्या मडक्यात बोलल्यासारखा. मी मोजलं: मध्यावर जवळपास ६ डेसिबलने खाली. आकडा ओळखीचा होता. एकमेकांशी संबंध नसलेले चार आवाज पाव-पाव मिसळले तर शक्तीची बेरीज चार वेळा एक-सोळांश, म्हणजे एक-चतुर्थांश होते, आणि एक-चतुर्थांश म्हणजेच ६ डेसिबलची घट. उपाय पुस्तकी आहे: वाट्यांचं वर्गमूळ घ्यायचं, शक्तीची बेरीज पुन्हा एक. तो केला. आवाज मोठा झाला, पण पोकळपणा तसाच.

त्याचं कारण कळायला मला दोन रविवार लागले. चारही तुकड्यांत खर्जाचा मूळ सूर तोच, पण रेकॉर्डिंगमध्ये वेगवेगळ्या क्षणी कापलेला. एका तुकड्यात तिसऱ्या उपस्वराची लाट वर जात असताना दुसऱ्या तुकड्यात खाली येत होती. मिसळले की काही उपस्वर एकमेकांना खाऊन टाकत होते आणि कोणते खाल्ले जाणार हे दांडीच्या जागेवर ठरत होतं. म्हणून मडकं.

मग मी रेकॉर्डिंगचे तुकडे काढून टाकले. त्यांच्याकडून फक्त एक गोष्ट घेतली: प्रत्येक कोपऱ्यात कोणता उपस्वर किती जोरात आहे. पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत चोवीस आकडे, चार कोपऱ्यांचे मिळून शहाण्णव. ते हाताने वहीत लिहिले, आणि प्युअर डेटाला सांगितलं की याच प्रमाणात साध्या लाटांची बेरीज करून चार तरंग तयार कर, आणि सगळ्या लाटा एकाच ठिकाणापासून सुरू कर. आता चारही कोपऱ्यांतला तिसरा उपस्वर हातात हात घालून चालतो. मिसळले तरी कुणी कुणाला खात नाही, फक्त त्याचा जोर एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्याकडे सरकतो. वर्गमूळ घेणंही बंद केलं, कारण आता साधी बेरीजच बरोबर आहे. त्या रात्री पावणेबाराला मी हेडफोनवर खर्ज छेडला, सोंगटी अ वरून ब कडे गेली, क कडे वळली, आणि गांधार बोलला. मी हेडफोन काढून आतल्या खोलीत गेले, आई झोपली होती. सकाळपर्यंत थांबले.

सकाळी तिने ऐकलं. डोळे मिटून पाच मिनिटं, न गाता. मग म्हणाली, "हलतेय. पण चारही छेडी एकाच बोटाने मारल्यासारख्या आहेत."

तंबोरा छेडायला पंचमाला मधलं बोट, बाकी तारांना तर्जनी. आणि एकच बोटसुद्धा दोनदा सारखं पडत नाही. तार जोरात छेडली तर ती घोडीला जास्त चाटते, झंकार जास्त खुलतो. म्हणजे छेडीचा जोर फक्त आवाजाच्या मोठेपणाला जोडून भागत नाही, सोंगटी ब च्या किती जवळ जाणार हेही त्याच जोराने ठरायला हवं. मी तसं केलं: हळू छेड पडली तर सोंगटी ब च्या अर्ध्या वाटेवरूनच क कडे वळते, जोरात पडली तर जवळजवळ ब ला शिवून येते. आणि प्रत्येक छेडीला जोर आणि वाटेचा वेळ दोन्हीत शंभरात दोन-तीन इतका फरक आपोआप पडू दिला.

आता या सगळ्यात दांडीचं काम काय, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग तिथेच आहे. एन्व्हलप प्रत्येक तारेचा वेगळा असतो. पंचमाची सोंगटी क पाशी असते तेव्हा जोडीतल्या पहिल्या तारेची नुकती अ वरून निघालेली असते आणि आधीच्या फेरीतला खर्ज ड कडे विरत असतो. एकाच बोर्डावर चार सोंगट्या, चार जागी. हात मात्र एकच. दांडी सरकवली की चारही सोंगट्या आपापल्या जागेवरून एकदम तेवढ्याच सरकतात, जशी सगळी आळी उचलून बाजूला ठेवावी. हात म्हणजे दोरा. तंबोऱ्यात प्रत्येक तारेला वेगळा दोरा, इथे एकच हात हलवला की चारही तारांची जवारी बदलते, पण प्रत्येक तार आपलं आपलं बोलत राहते. नुसती दांडी असती तर आवाज हातावर अवलंबून राहिला असता. नुसता एन्व्हलप असता तर दर फेरीत तेच ते. दोन्हींची बेरीज केली की तो आवाज हाताला ऐकतो आणि हाताशिवायही जगतो.

बेरीजच केली होती मी, आणि तिथेच आईने चूक पकडली. तिने दांडी झंकाराच्या कोपऱ्यात टोकापर्यंत नेली आणि म्हणाली, "आता परत हलत नाही." मी पाहिलं तर खरंच. दांडी आधीच टोकाला, वर एन्व्हलप तिला अजून त्याच बाजूला ढकलतोय. बोर्डाच्या बाहेर जाता येत नाही म्हणून सोंगटी कडेला चिकटून उभी. एन्व्हलप चालू होता, पण त्याला जागाच नव्हती. उपाय असा केला की एन्व्हलप कधीच ठरावीक अंतर जात नाही, उरलेल्या जागेच्या ठरावीक हिश्शाएवढाच जातो. दांडी मध्यावर असेल तर त्याला भरपूर मोकळीक, कडेजवळ असेल तर तो लहान पावलं टाकतो, पण थांबत नाही. हा गुणाकार लिहायला दहा मिनिटं लागली. आईचा कान नसता तर तो करायचा आहे हे मला कळलंच नसतं.

दांडीच्या शेजारी एक बटण आहे. ते दाबून धरलं की दांडी सोंगट्यांना हात लावत नाही, एन्व्हलपचा वेळ बदलते: उजवीकडे नेली की वाट लांबते, डावीकडे आखूड होते. आधी मी हा बदल वाजत असलेल्या सुरालाही लागू केला होता, पण अर्ध्या वाटेवर असलेली सोंगटी एकदम दुडूदुडू धावायला लागायची, ते कानाला विचित्र वाटायचं. आता वेळ छेड पडतानाच ठरतो, बदल पुढच्या छेडीपासून दिसतो. मिश्रण मात्र लगेच बदलतं, दोऱ्यासारखं.

सगळं एका जुन्या मिठाईच्या लाकडी डब्यात बसवलंय. त्याच्या झाकणावर दांडीभोवती मी चौकोन आखलाय, आणि आईने त्यावर पेन्सिलने ठिपके काढलेत. सकाळच्या खर्जाच्या रियाजाला एक, ड कडे झुकलेला. भूपाला एक, बराच उघडा. मारव्याला पंचमाऐवजी निषाद लावतो, त्याचा ठिपका मध्याच्या जरा खाली, कारण उघड्या जवारीत तो निषाद तिला टोचतो. ठिपक्यांच्या जागा मी मोजून वहीत लिहून ठेवल्या आहेत, पेन्सिल पुसली जाते म्हणून.

परवा ऑक्टोबरचं ऊन पडलं तेव्हा आम्ही तंबोरा गवसणीतून काढला. खुंट्या फिरल्या. जोडीला आणि खर्जाला जवारी लागली, पंचमाची अजून नीट लागत नाही, ती तार बदलावी लागेल. तोवर डबा चालूच आहे. खर्जाची वाट चार सेकंदांची आहे ती साडेपाचपर्यंत ओढून बघ, असं आईने काल सांगितलंय. आज रात्री ती झोपल्यावर बसणार आहे.